घरी बनवलेली प्रेस

दीपमालाच्या धनुष्याची दोरी बुधवारी संध्याकाळी उसवली आणि शनिवारी सकाळी साडेआठला तिची जिल्ह्याची निवड चाचणी होती. मधल्या दोन दिवसांत साहेबराव सोनवणे यांनी एक छोटासा निर्णय घेतला. (मोठे निर्णय त्यांच्या घरात कस्तुरा घेत असे, त्यामुळे त्यांना त्याचा फारसा सराव नव्हता.)

हे धनुष्य म्हणजे चित्रातल्या देवांच्या हातात असतं तसलं साधं नव्हे. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्या चाकांवरून दोरी आणि केबली फिरलेल्या असतात आणि वरचं-खालचं पातं कायम ताणलेलं असतं. दोरी बदलायची तर दोन्ही पाती एका यंत्रात धरून हळूहळू एकमेकांकडे दाबायची, म्हणजे दोरी सैल पडते. त्या यंत्राला म्हणतात प्रेस. दीपमालाच्या प्रशिक्षक सुमनताईंकडे ती होती, पण ती घेऊन त्या मोठ्या मुलांच्या संघाबरोबर नागपूरला गेल्या होत्या.

"दीपा, या दोरीवर आता एकही बाण मारायचा नाही," सुमनताईंनी फोनवर सांगितलं. "आणि तुझ्या पप्पांना सांग, प्रेस विकत घ्या. घरी कायमची उपयोगी पडेल. पण पायानं दाब, दोरखंडानं ओढ, असलं काही करायचं नाही. त्या पात्यांत हात मोडेल एवढा जोर असतो."

गुरुवारी साहेबरावांना कंपनीची साप्ताहिक सुट्टी. सकाळीच नवराबायको रहाटणीहून स्कूटरवर कासारवाडीला गेले. तिथे रंगरावांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि दुकानात प्रेसचा एकच पीस शिल्लक होता. लाल रंगाची, हँडलवाली, टेबलावर बसवायची.

साहेबरावांनी ती बाजारात वांगी बघतात तशी उलटीपालटी करून बघितली. हँडल फिरवलं. बोटानं वेल्डिंग चाचपलं. मग वितीनं लांबी मोजली.

"वीत कशाला लावताय?" रंगराव म्हणाले. "लांबी खोक्यावर लिहिलीय की."

"सहज," साहेबराव म्हणाले आणि फोन काढून तीन बाजूंनी तीन फोटो घेतले.

रंगरावांनी कस्तुराकडे बघितलं. कस्तुरा भिंतीवरच्या बॅडमिंटनच्या रॅकेटकडे बघू लागली.

"घ्यायची ना हो?" तिनं हळूच विचारलं.

"यात आहे काय? एक पाइप, दोन हात आणि स्क्रूसारखा एक आट्यांचा रॉड. असली मी झोपेत बनवीन."

"झोपेत नको. तुम्ही विकतच घ्या."

"रेडिमेड?" साहेबराव म्हणाले.

या शब्दापाशी खरी दुखरी जागा होती. साहेबराव चाकणच्या एका कंपनीत चोवीस वर्षं टूलरूमला होते. मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, धरून ठेवणारे फिक्स्चर त्यांनी हातानं घडवले होते. पण दिवाळीपासून नव्या लाइनचे फिक्स्चर बाहेरून रेडिमेड यायला लागले, लाकडी पेट्यांत, भुशात गुंडाळून. आता साहेबरावांचं काम म्हणजे त्या पेट्या उघडणं. परवाच एका नव्या इंजिनिअरनं त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही पॅकिंग डिपार्टमेंटचे का?" हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. त्यामुळे कस्तुराला वाटलं, हा माणूस नुसता हट्ट करतोय.

दुकानातून त्यांनी नवी दोरी आणि केबलींचा सेट तेवढा घेतला. प्रेस तिथेच राहिली.

दुपारी ते भोसरीला गणराजच्या वर्कशॉपमध्ये गेले. गणराज त्यांचा जुना सोबती, आता स्वतःचं फॅब्रिकेशन टाकून बसलेला.

"प्रेस बनवायचीय," साहेबराव म्हणाले.

"इस्त्री? ती कामून घरी बनवताय, राव?"

समजावण्यात दहा मिनिटं गेली. पाइप मिळाला, रॉड मिळाला. रॉड आणि नट दोन्ही साहेबरावांनी मुद्दाम स्टेनलेसचे निवडले, पोरीच्या वस्तूला गंज नको म्हणून. पात्यांची टोकं धरायला लोखंडाची वाकवलेली चार बोटं केली, त्यांवर रबर चढवायचं ठरवलं. बोटं हातांना वेल्ड करायची वेळ आली तेव्हा गणराजनं डबा उघडला होता.

"ठेवा तसंच. जेवतो अन् मी मारतो वेल्डिंग."

"चार टाके तर आहेत," साहेबराव म्हणाले आणि मशिन स्वतःच चालू केलं. (ते फिटर होते. वेल्डर आणि फिटर यांत आचारी आणि वाढपी यांच्याएवढा फरक असतो, पण तो डबा संपेपर्यंत कुणाला थांबायचंय?)

शुक्रवारी पहिली शिफ्ट करून साहेबराव सव्वाचारला घरी आले. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर कस्तुरानं जुनी चादर अंथरून ठेवली होती. त्यांनी प्रेस टेबलाला घट्ट आवळली.

"ग्रीस आहे का त्या रॉडला?" दीपमालानं विचारलं. "मॅडमच्या प्रेसला असतं."

"ग्रीस-बीस माझ्या हॉलमध्ये नको," कस्तुरा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"लागत नाही," साहेबराव म्हणाले. "स्टेनलेस आहे."

हे वाक्य टूलरूममध्ये एखाद्या पोरानं उच्चारलं असतं तर साहेबरावांनी त्याला दिवसभर उभं करून लेक्चर दिलं असतं. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना असे चावून धरतात की पुन्हा सुटत नाहीत, हे त्यांना चोवीस वर्षं पाठ होतं. पण ते कंपनीतलं ज्ञान. घरी येताना ते कार्ड पंच करून गेटवरच ठेवून येत.

दीपमालानं धनुष्य प्रेसच्या बोटांत बसवलं. साहेबरावांनी हँडल फिरवायला सुरुवात केली. पाती हळूहळू वाकली, चाकं जवळ आली आणि उसवलेली दोरी खरोखरच सैल होऊन लोंबायला लागली. दीपमालानं दोरी काढली, मग एकेक करत केबली काढल्या. धनुष्य दोरीशिवाय, नुसतं प्रेसच्या पकडीत उभं राहिलं.

दूध गॅसवर ठेवून कस्तुरा बाहेर आली. "जमलं हो तुम्हाला," ती म्हणाली.

साहेबरावांनी एक फोटो काढला. टूलरूमच्या ग्रुपवर टाकायचा होता.

"पप्पा, थोडं जास्त दाबलंय," दीपमाला म्हणाली. "अर्धा फेरा मागे घ्या."

साहेबरावांनी हँडल मागे फिरवलं. ते फिरलं नाही. जोर लावला. फिरलं नाही. मग पुढे फिरवून बघितलं, तिकडेही नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाकलं तेव्हा हँडल वाकलं, रॉड होता तिथेच राहिला.

आणि कुठूनतरी आवाज आला. टिक.

"काय वाजलं?" कस्तुरानं विचारलं.

साहेबराव खाली वाकले. वरच्या डाव्या बोटाच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली होती. ते सावकाश सरळ झाले आणि एक पाऊल मागे सरकले.

"दीपा, माझ्या मागे ये. कस्तुरा, भिंतीला लाग. कुणी टेबलाला धक्का लावायचा नाही."

"झालं काय पण?"

"काही नाही. किरकोळ आहे," असं म्हणत साहेबरावांनी खुंटीवरचं हेल्मेट काढून डोक्यावर घातलं. किरकोळ गोष्टीसाठी नवरा घरात हेल्मेट घालत नाही एवढं कस्तुराला कळत होतं.

दीपमालानं सरळ सांगितलं. ते बोट निसटलं की वाकलेली पाती एका क्षणात उलगडणार. पाती फुटणार, तुकडे कुठे उडतील ते सांगता येणार नाही. दुसरं धनुष्य नव्हतं. आणि चाचणी उद्या साडेआठला.

टिक.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून फस्स असा आवाज आला. दूध! कस्तुरा हॉलच्या या टोकाला, गॅस त्या टोकाला, आणि मध्ये टेबल.

"जाऊ दे ते दूध," साहेबराव म्हणाले.

"दूध जाऊ दे, पण गॅस विझला तर? घर पेटवायचंय का आता?"

ती खाली बसली. कोपऱ्यात पालथी घातलेली कणकेची परात तिनं उचलली, टेबलाच्या बाजूला ढालीसारखी धरली आणि गुडघ्यांवर रांगत निघाली. टेबलाच्या अगदी समोर आली तेव्हा परत टिक वाजलं. कस्तुरा परातीमागे थिजली. साहेबरावांना वाटलं, आपलं काळीज हेल्मेटमध्ये वाजतंय. मग ती पुन्हा सरकली, गॅस बंद झाल्याचा खट्ट आवाज आला आणि आतून तिचा आवाज आला, "लाल प्रेस छान होती हो!"

साहेबरावांनी हत्यारांच्या पिशवीतून हॅकसॉ काढली आणि लगेच लक्षात आलं की रॉड कापला तर सगळा जोर एकदम सुटणार. हॅकसॉ हातात धरून ते नुसते उभे राहिले.

याच वेळी दार ढकलून सोसायटीचे सेक्रेटरी उद्धवराव आत आले. दार नुसतंच लोटलेलं होतं आणि उद्धवरावांना बेल वाजवायची सवय नव्हती. ते हातातले कागद चाळत थेट सोफ्यावर बसले, म्हणजे बरोबर धनुष्याच्या समोर.

"साहेबराव, पार्किंगच्या स्टिकरचं काय..." ते मान वर करून म्हणाले आणि थांबले. समोर हेल्मेट घातलेला माणूस, हातात करवत.

"उद्धवराव," साहेबराव दबक्या आवाजात म्हणाले, "हलू नका."

"अहो, पण मी काय केलं?"

"मोठ्यानं बोलू नका. गुपचूप खाली बसा. जमिनीवर."

उद्धवराव बसले. "स्टिकरचं राहू द्या भाऊ. तुम्ही दोन गाड्या लावा. तीन लावा."

"काका, पप्पा तुम्हाला नाही बोलत, ते धनुष्याला घाबरलेत," दीपमाला म्हणाली. "रांगत या इकडे."

उद्धवराव वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी रांगले. एकदा भिंतीपाशी पोचल्यावर मात्र परत जायला तयार होईनात, कारण दाराची वाट टेबलासमोरून होती.

दीपमालानं सुमनताईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून त्यांनी आधी एकच विचारलं.

"प्रेस कुठल्या कंपनीची आहे?"

सगळ्यांनी साहेबरावांकडे बघितलं. ते घसा साफ करून म्हणाले, "सोनवणे कंपनीची."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बनवलीय, मॅडम."

"सगळे बाहेर जा," सुमनताई म्हणाल्या. "घर बंद करा. मी परवा येते, मग बघू."

"मॅडम, उद्या चाचणी आहे," दीपमाला म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मग तिनं श्वास घेतला. "मॅडम, पाती दाबलेलीच आहेत ना? मी आत्ताच नवी दोरी आणि केबली चढवल्या तर? मग रॉड कापला तरी पाती पूर्ण उलगडणार नाहीत. दोरीवर येऊन थांबतील."

टिक.

"सैल किती राहील?" सुमनताईंनी विचारलं.

"बोटभर."

"बोटभर झटका धनुष्य सोसेल. पण दोरी चढायच्या आधी ते वेल्डिंग गेलं तर तुझे हात तिथे असतील, दीपा. मी हो म्हणणार नाही. तुझे आईवडील काय ते ठरवतील."

कस्तुरा स्वयंपाकघराच्या दारात परात छातीशी धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच साहेबरावांना ती जास्त लागली.

"मी चढवतो दोरी," ते म्हणाले.

"पप्पा, तुम्हाला कुठली केबल कुठल्या खाचेत जाते ते माहितेय?"

त्यांना माहीत नव्हतं. तीन वर्षं ते तिला मैदानावर सोडत होते आणि गेटबाहेर स्कूटरवर बसून फोन बघत होते.

मग साहेबरावांना त्या संध्याकाळी पहिल्यांदाच टूलरूममधलं काहीतरी आठवलं. त्यांनी पिशवीतून दोन सी-क्लॅम्प काढले, स्क्रूनं आवळायच्या लोखंडी पकडी. अंग चोरून, एका बाजूनं टेबलापाशी गेले. तडकलेलं बोट आणि त्याच्यामागचा प्रेसचा हात एकत्र धरून पहिला क्लॅम्प लावला आणि पाव-पाव फेऱ्यानं आवळला. मग दुसरा. घाम हेल्मेटमधून नाकावर टपकत होता. पाच मिनिटं थांबले. टिक वाजलं नाही.

"धरेल थोडा वेळ," ते म्हणाले. "पण किती, ते सांगता येत नाही. तू नको म्हणालीस तरी चालेल, दीपा. चाचणी पुढच्या वर्षी पण असते."

"पुढच्या वर्षी माझा वयोगट बदलतो, पप्पा."

तिनं केस बांधले. साहेबरावांनी स्वतःच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं. मग ते तिच्या आणि त्या तडकलेल्या बोटाच्या मधे खांदा घालून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी क्लॅम्प धरून ठेवले. काही उडालं तर आधी त्यांना लागणार होतं.

दीपमालानं पहिली केबल चाकाच्या खुंटीला अडकवली. ती श्वास सोडायची, मग हात हलवायची, पुन्हा थांबायची. साहेबराव एवढ्या जवळून तिचे हात पहिल्यांदाच बघत होते. उजव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते, कारखान्यातल्या माणसाला पडतात तसे. हिला हे घट्टे पडले कधी, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळ्यांत घाम गेला. (घामच होता.)

दुसरी केबल बसली. आता दोरी. दोरीचं खालचं टोक बसलं, वरचं खाचेत जाईना. दीपमालाचं मनगट दोन पात्यांच्या बरोबर मधे होतं.

टिक.

उद्धवरावांनी डोळे मिटले. कस्तुराच्या हातातली परात भिंतीवर आपटून खणकली आणि तिघं एकदम दचकले. दीपमाला दचकली नाही. तिनं टोक थोडं मागे घेतलं, पीळ दिला, पुढे सरकवलं. खाचेत गेलं.

"झालं," ती म्हणाली आणि हात बाहेर काढले.

साहेबरावांनी तिला आणि कस्तुराला स्वयंपाकघरात ढकललं. उद्धवराव त्यांच्या आधीच पोचले होते. मग जमिनीवर आडवं पडून, हात तेवढा वर करून, त्यांनी हॅकसॉ रॉडला लावली. स्टेनलेस चिवट. पंधरा मिनिटं घासत होते. हात आंबला, खांदा भरून आला. आतून कस्तुरा दर मिनिटाला विचारत होती, "आहात ना हो?" आणि ते म्हणत होते, "आहे."

मग एकदम धाडकन आवाज झाला.

रॉड तुटला. तडकलेलं बोट वेल्डिंग आणि क्लॅम्प दोन्ही सोडून उडालं, साहेबरावांच्या डोक्यावरून गेलं आणि फ्रिजच्या दारावर आदळलं. तिथे अंड्याएवढा खळगा पडला. त्यानंतर हॉलमध्ये फक्त एक बारीक गुंजन राहिलं. ताणलेल्या दोरीचं.

दीपमाला धावत आली. धनुष्य टेबलावर अख्खं होतं. पाती शाबूत, चाकं शाबूत. तिनं ते उचललं, दोरीवर बोट फिरवलं आणि खाली फरशीवर बसून रडायला लागली. साहेबराव पण तिच्याशेजारी बसले. कस्तुरानं दोघांच्या डोक्यावर एकेक टपली मारली, नवऱ्याच्या जरा जोरात.

शनिवारी साहेबराव गेटबाहेर थांबले नाहीत. सहाला मैदानावर जाऊन दीपमालानं नव्या दोरीवर नेम जुळवला, तेव्हा ते तिचे बाण उपटून आणत होते. चाचणीत पहिले सहा बाण खाली गेले. साहेबरावांनी गवतात बघितलं, आकाशाकडे बघितलं, शेवटी शेजारच्या पालकाच्या पाठीमागे तोंड लपवलं. पण पुढचे बाण हळूहळू मध्याकडे सरकले. दीपमाला चौथी आली. निवडायच्या चौघीच होत्या.

रविवारी कस्तुरा आणि दीपमाला कासारवाडीला जाऊन लाल प्रेस घेऊन आल्या. साहेबरावांना बरोबर नेलं होतं, ते फक्त खोकं उचलायला. घरी आल्यावर त्यांनी सूचनांचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि रॉडला ग्रीस लावलं.

नागपूरहून परतल्यावर सुमनताईंनी दीपमालाकडे निरोप पाठवला. पप्पांनी बनवलेल्या प्रेसचे तुकडे असतील तर क्लबवर हवेत.

"कशाला?" साहेबरावांनी विचारलं.

"भिंतीवर लावणार आहेत म्हणे."

साहेबराव दोन दिवस हवेत होते. चोवीस वर्षांत त्यांची एकही वस्तू कुणी भिंतीवर लावली नव्हती. त्यांनी तुकडे घासून पुसून चकचकीत केले, उडालेलं बोटही फ्रिजखालून शोधून काढलं आणि सगळं जुन्या टॉवेलात गुंडाळून पाठवलं. पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः बघायला गेले.

क्लबच्या भिंतीवर, बरोबर दारासमोर, एका फळीवर वाकलेलं हँडल, कापलेला रॉड आणि तुटलेलं बोट खिळ्यांनी नीट बसवलं होतं. वर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, "पालकांनी असे करू नये." आणि खाली, "सौजन्य : श्री. साहेबराव सोनावणे, रहाटणी."

नव्या मुलांचे आईबाप समोर उभे राहून वाचत होते. साहेबराव त्यांच्या मागे बराच वेळ उभे राहिले. मग सुमनताईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं बरोबर आहे. पण आमचं आडनाव सोनवणे. 'न'ला काना नाही. तेवढं दुरुस्त करायला सांगा."

सुमनताईंनी लगेच कबूल केलं. पुढच्या रविवारी पाटी नवीन होती. काना काढला होता, आणि लोकांना गेटवरूनच वाचता यावं म्हणून नाव दुप्पट मोठं केलं होतं.